विडीवाल्या बायकांची साक्ष

ती घटना विसरायची म्हटली तरी विसरता येत नाही, आणि आठवली की अजूनही माझा आवाज चढतो. घरची मंडळी म्हणतात, आता सोडा, त्यातले बहुतेक लोक गेलेसुद्धा. गेले असतील. माझा राग गेलेला नाही, म्हणून लिहितो आहे. नाव मात्र कोणाचंच घेणार नाही. ज्यांची घ्यायला हवीत त्यांची मुलंनातवंडं आज गावात राहतात आणि त्यांचा यात काही दोष नाही.

मी तेव्हा जबलपुरात एका थान्याचा, म्हणजे पोलीस ठाण्याचा, प्रभारी होतो. आमचं घर दीक्षितपुऱ्यात, आणि थान्याची हद्द गोरखपूर मोहल्ल्याच्या बाजारापासून रेल्वे लाइनीपलीकडच्या वस्त्यांपर्यंत. पाकिस्तानशी लढाई नुकतीच थांबली होती. तोफा थांबल्या तरी शहर थांबलं नव्हतं. दारूगोळ्याचे कारखाने तिन्ही पाळ्यांत चालत होते. मोटारींच्या दिव्यांवर अर्धा काळा रंग, घरांच्या खिडक्यांना काळे कागद, आणि अंधार पडला की ब्लॅकआऊट. शहरात जमावबंदीचं १४४ कलम लागू होतं. त्याहून मोठं हत्यार म्हणजे भारत संरक्षण नियम. त्या नियमांखाली माणूस उचलला की जामिनाची गोष्ट काढायची सोय नव्हती.

त्या दिवसांत दिवेलागणीच्या वेळी आमच्या हद्दीतलं तेंदूपत्त्याचं एक गोदाम पेटलं. तेंदूपत्ता म्हणजे ज्यात तंबाखू वळून विडी करतात ते पान. वाळलेलं पान कसं पेटतं ते सांगायला नको. सगळं शहर अंधारात आणि त्यात एवढा जाळ. लोकांना वाटलं बॉम्ब पडला. बायका मुलांना घेऊन लाइनीकडे पळत सुटल्या. आम्ही लोकांना आवरण्यात गुंतलो आणि बंब येईपर्यंत गोदामाचं छप्पर बसलं. सुदैवाने जीव कोणाचा गेला नाही.

चौकीदाराने तिथेच मला सांगितलं, "साहब, एक औरत को भागते देखा. डिब्बा फेंक के भागी." भिंतीमागच्या नालीत रॉकेलचा रिकामा डबा सापडला. मी पंचनामा करून तो जप्त केला. कुठली बाई, हे त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं, आणि तेव्हा तो एकटा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या थान्यात शिष्टमंडळ आलं. विडी कारखानदारांच्या संघाचे पदाधिकारी, त्यांच्याबरोबर व्यापारी मंडळाचे, मालमोटारवाल्यांच्या संघटनेचे, चुन्याच्या ठेकेदारांचे. जळलं विडीवाल्याचं गोदाम, चुनेवाले कशाला आले हे मला तेव्हा कळलं नाही. खुर्च्या कमी पडल्या म्हणून मुंशीने शेजारच्या दवाखान्यातून बाकं आणवली. चहा झाला. या मंडळींचे पुढारी होते संघाचे सचिव, पेशाने वकील. जबलपुरातल्या जुन्या मराठी घराण्यातले, माझ्या वडिलांच्या बैठकीतले. मी त्यांना लहानपणापासून काका म्हणत असे. इथेही वकीलकाकाच म्हणतो.

काकांनी टाइप केलेली तक्रार माझ्यापुढे ठेवली. विडी वळणाऱ्या बायकांना भडकवणारी एक बाई आहे, तिने युद्धकाळात घातपात घडवून आणला, चौकीदाराने तिला ओळखलं आहे, भारत संरक्षण नियमांखाली ताबडतोब अटक व्हावी.

मी म्हटलं, "काका, तपास तर होऊ द्या."

काका हसले. "कर ना. तपास कर. पण आधी आत घे. ब्लॅकआऊटमध्ये आग म्हणजे शत्रूला दिवा दाखवणं झालं. उद्या काही झालं तर कोण जबाबदार?"

ते बाहेर पडतात न पडतात तोच माझ्या वरिष्ठांचा, मोठ्या साहेबांचा फोन. दुपारच्या आत अटक झाली पाहिजे. गोदाम माझ्या हद्दीत, चौकीदार प्रत्यक्षदर्शी, आणि वरचा हुकूम. मी जीप काढली.

ती बाई लाइनीपलीकडच्या वस्तीत राहायची. नागपूरकडून आलेलं विणकर कुटुंब. हातमाग सुटला तेव्हा ती विड्या वळू लागली आणि नवरा दारूगोळ्याच्या कारखान्यात खरादीवर, म्हणजे लेथवर, लागला. वस्ती तिला मावशी म्हणे. आम्ही गेलो तेव्हा मांडीवर सूप, त्यात कापलेली पानं आणि तंबाखू, आणि तिच्याभोवती सात-आठ बायका. ती त्यांच्याकडून काहीतरी म्हणवून घेत होती. आम्हाला पाहून बायका गप्प झाल्या. ती मात्र वळत्या विडीचं टोक दुमडून झाल्यावरच उठली.

"काहून आले साहेब?"

मी सांगितलं.

"मी आग लावली?" तिने सूप खाली ठेवलं. "त्या गोदामातल्या पानावर आमचं पोट हाय. माह्याच पोटाले मी आग लावीन का?"

"चौकीदाराने पाहिलं म्हणतो."

"त्याले पाहाले लावलं असन कोनी. चला, येते मी. पण साहेब, चार दिवसांनी कमिटी येऊन राहिली. तवा मले तिथं बोलायचं हाय. तेवढं ध्यानात ठेवजा."

कमिटी म्हणजे भोपाळहून येणारी विधानसभेची समिती. विडी कामगारांसाठी कायदा करायचं चाललं होतं आणि समिती गावोगाव दोन्ही बाजू ऐकत फिरत होती. हे मला वर्तमानपत्रातून माहीत होतं. आगीशी त्याचा संबंध जोडण्याची बुद्धी मला त्या क्षणी झाली नव्हती.

संध्याकाळपर्यंत वस्तीतल्या बायका थान्यासमोर येऊन बसल्या. घोषणा नाहीत, गोंधळ नाही. मावशीला भेटायचं एवढंच म्हणत होत्या. वरून पुन्हा फोन: १४४ लागू असताना हा जमाव कसा? हटवा. आमचे हवालदार पिकल्या मिशांचे, नोकरीत माझ्याहून जुने. त्यांनी फोनवरचं बोलणं ऐकलं, बायकांकडे पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "साहब, सुबह वाले तो इनसे जादा थे. उनको तो चाय पिलाई थी?"

मी त्यांना सांगितलं, लाठी आत ठेवा, बायकांना समजावून घरी पाठवा. हवालदारांनी प्रत्येकीला दीदी, अम्मा म्हणत उठवलं. पण त्यांचा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला आणि त्याच्याबरोबर राग यायला सुरुवात झाली.

त्याच संध्याकाळी मावशीचा नवरा आला. कारखान्याचे खाकी कपडे अंगात, हातात जेवणाचा डबा. घाबरलेला माणूस होता. बायकोवर चिडलेलाही होता.

"साहेब, माझा गेटपास घेतला हो. म्हणे, घातपात करणारीच्या नवऱ्याले आत सोडता येत नाही. अख्खी लढाई मी गोळे खरादून राहिलो होतो. ओव्हरटाइमले कधी नाही म्हटलं नाही."

"कधी घेतला पास?"

"सकाळीच. पाळीवर गेलो तवा फाटकावरच."

सकाळी! सकाळी तर मी तिला अटकही केली नव्हती. रोजनाम्यात तिचं नाव दुपारी चढलं. माझ्या थान्याच्या नोंदीआधी कारखान्याच्या फाटकापर्यंत बातमी पोचवणारं कोणीतरी होतं. पोलिसात एक गोष्ट लवकर शिकायला मिळते. खरी घटना अडखळत पुढे जाते, कोणाला तरी उशीर होतो, कोणाचं तरी चुकतं. जिथे सगळं वेळेआधी जागेवर पोचतं, तिथे कोणीतरी मांडणी केलेली असते.

मी मावशीला विचारपूस करायला बसवलं. आगीच्या वेळी ती त्याच वस्तीत एका घरात बायकांना साक्ष शिकवत होती. एवढ्या बायकांनी पाहिलेलं होतं, पण त्या सगळ्या विडीवाल्या. त्यांचा शब्द धरायला कोणी तयार नव्हतं.

"काय शिकवत होतीस?"

"बोलाले शिकवत होती. साहेबलोकायसमोर बायकायची बोबडी वळते. म्हणून म्हटलं, घोकून ठेवा."

मग तिने मला छाट म्हणजे काय ते सांगितलं. बायका वळलेल्या विड्या घेऊन कारखान्यात जातात. तिथला माणूस मूठ मूठ विडी 'खराब' म्हणून बाजूला काढतो. तिचा दाम मिळत नाही, विडीही परत मिळत नाही. "अन् तेच खराब बिडी बंडलात बांधून विकतेत. खराब हाय तर आमाले वापस द्या ना! एवढंच म्हणायचं हाय कमिटीले. एवढ्यासाठी मले कोठडीत बसवलं?"

एवढ्यासाठीच बसवलं होतं. ते सिद्ध करायला मात्र मला पुढचे दोन दिवस लागले.

पहिली टीप आली मदन महल स्टेशनबाहेरच्या पानठेल्यावरून. तो पानवाला माझा जुना खबऱ्या, सहसा पाकीटमारांची खबर द्यायचा. मी पान घ्यायला थांबलो तर चुना लावता लावता म्हणाला, "साहब, आग लगने से पहले ही पत्ता तो चल दिया था."

"मतलब?"

"बैलगाड़ियाँ निकली थीं इधर से, बोरों से भरी. पहाड़ी के नीचे चूने वाले के शेड में उतरी हैं."

तेव्हा मला चुनेवाले शिष्टमंडळात कशाला आले होते ते कळलं. मी साध्या कपड्यांत त्या शेडवर गेलो. दाराला कुलूप, पण फटीतून तेंदूपत्त्याचा तो कडवट वास येत होता. पंच बोलावून कुलूप उघडवलं. आत छतापर्यंत पोती. उत्तम पान, गोदाममालकाच्या खुणेचं. आणि जळालेल्या गोदामात मी राख उकरून पाहिली तेव्हा कोपऱ्यात अर्धवट जळलेलं जे पान मिळालं ते बुरशी धरलेलं, गेल्या हंगामाचं. टाकून द्यायचा माल जाळला होता.

पण मालकाने माल हलवला म्हणजे त्यानेच आग लावली असं न्यायालय म्हणत नाही. मला आग लावणारा हात हवा होता.

त्या काळी रॉकेल मिळत नव्हतं. घरोघरी बायका रांगेत उभ्या राहून बाटलीभर आणत. विडी वळणाऱ्या बाईने भरलेला डबा कुठून आणला? जप्त केलेला डबा मी पुन्हा पाहिला. कोणीतरी दगडाने त्याच्यावरचा रंग खरवडला होता, पण कडीच्या खाली हिरवा पट्टा आणि त्यावर थोडा पांढरा तसाच होता.

असा डबा मी पाहिला होता. लढाई चालू असताना स्टेशनवर बंदोबस्ताला मी कितीदा उभा राहिलो होतो. सैनिकांच्या गाड्या थांबायच्या त्या फलाटावर जवानांसाठी फुकट चहाचा एक मंडप होता. विडी कारखानदारांचा संघ तो चालवत असे. वर मोठा फलक, 'जवानों की सेवा में'. त्या चहासाठी संघाला रॉकेलचा खास परवाना मिळालेला होता आणि हमालांनी डबे पळवू नयेत म्हणून प्रत्येक डब्यावर तिरंगी पट्टा रंगवलेला होता.

मी स्टेशनवर गेलो. मंडप अजून चालू होता. परतणाऱ्या जवानांना पोरं चहा देत होती. स्टोव्हच्या मागे डबे ओळीने ठेवलेले, केशरी, पांढरा, हिरवा. तिथे उभं राहून मला जो संताप आला तो शब्दांत सांगता येणार नाही. ज्या जवानांच्या नावाने तेल घेतलं, ते तेल एका बाईला देशद्रोही ठरवायला वापरलं होतं. मी एक डबा पंचांसमक्ष ताब्यात घेतला. मंडपावर चहा करणाऱ्याला विचारलं, गोदामाचा चौकीदार इथे येतो का? तो सहज म्हणाला, "रोजच येतो. भांडी धुवायला दुपारी तोच असतो."

चौकीदाराला थान्यात आणलं तेव्हा दुपार होती. आमच्या खात्यात मारून कबुली घेणारे पुष्कळ होते. मी त्यातला नव्हतो, याचं कारण फार थोर नव्हतं. मारून घेतलेली कबुली कोर्टात टिकत नाही. माझा अनुभव असा की खोटं बोलणाऱ्याला बोलू द्यावं. मी त्याला त्याचा जबाब पुन्हा सांगायला लावला. त्याने सांगितला. शब्दाला शब्द तोच, जणू शाळेतली कविता. त्यात एक वाक्य होतं, "उक्त महिला राष्ट्रविरोधी तत्वों के संपर्क में थी."

मी विचारलं, "भैया, राष्ट्रविरोधी तत्व मतलब क्या?"

तो थांबला. हवालदारांकडे पाहिलं. मग जमिनीकडे.

"वही साहब... वो बाई."

"और उक्त?"

मी टेबलावर दोन्ही डबे शेजारी शेजारी ठेवले, खरवडलेला आणि न खरवडलेला. मग तो माणूस खाली बसला आणि डोक्याला हात लावून रडायला लागला.

"आग हमने लगाई साहब. हमसे कहा था बाई दो-चार दिन भीतर रहेगी, कमेटी चली जाएगी तो छूट जाएगी. किसी का कुछ नहीं बिगड़ेगा."

"किसने कहा?"

"मुनीमजी ने डिब्बा उठवाया. बोलना वकील साहब ने सिखाया. अपने बरामदे में. तीन दफे बुलवाया."

मुनीम म्हणजे गोदाममालकाचा कारभारी. तो त्याच संध्याकाळी गावातून नाहीसा झाला. आणि वकील साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःहून माझ्या घरी आले.

मी नुकतीच आंघोळ करून बाहेर आलो होतो. बायकोने काकांना नमस्कार करून चहा ठेवला. काका नेहमीसारखे ऐसपैस बसले. वडिलांच्या आठवणी काढल्या. मग म्हणाले, "चौकीदार काही बरळला म्हणे."

"बरळला नाही काका. आज दंडाधिकाऱ्यांपुढे त्याचा कबुलीजबाब होईल."

"होऊ दे. पण घाई कशाला? समिती उद्या येते, परवा नसेल. परवा कर."

"आणि तोपर्यंत बाई आत?"

काका जरा पुढे झुकले. "बेटा, तू शिकलेला आहेस. लोकशाहीत प्रत्येक गटाला आपलं हित मांडायचा अधिकार आहे. आम्ही काय करतो? आमदारांना भेटतो, निवेदनं देतो, निवडणुकीत जीपगाड्या देतो, त्याही दोन्ही पक्षांना. यात बेकायदा काय आहे? जगभर असंच चालतं. संघ नसता तर सरकारला धंद्यातलं काय कळलं असतं?"

"मग त्या बायकांनाही मांडू द्या की त्यांचं हित."

"कोण अडवतं? यावं ना त्यांनी समितीपुढे!"

हे वाक्य ते डोळ्याला डोळा भिडवून बोलले. त्यांना लाज नव्हती, आणि गंमत म्हणजे आपण लबाडी करतो आहोत असंही त्यांना वाटत नव्हतं. त्यांच्या हिशेबी हे नेहमीचं कामकाज होतं. भोपाळला त्यांचा एक माणूस कायम बसलेला असे, मंत्र्यांच्या घरी लग्नकार्यात वावरणारा. इथे मोठे साहेब होते. आणि खाली, वस्तीत जाऊन बाईला उचलून आणायला मी होतो.

मी उठून उभा राहिलो. म्हटलं, "काका, तुम्ही वडिलांचे मित्र, म्हणून चहा पिऊन जा. यापुढे बोलायचं असेल तर थान्यात या. तुमचाही जबाब घ्यायचा आहे."

काकांनी कप तसाच ठेवला. दारात वळून माझ्या बायकोला म्हणाले, "सूनबाई, सामान फार मांडून ठेवू नकोस. याची बदली होईल."

त्याच दिवशी चौकीदाराचा कबुलीजबाब दंडाधिकाऱ्यांपुढे झाला. पण मावशीची अटक भारत संरक्षण नियमांखालची. सोडायचा हुकूम वरून यायला हवा होता. मी कबुलीजबाबाची नक्कल घेऊन मोठ्या साहेबांकडे गेलो. त्यांनी ती वाचली, घडी घातली आणि खणात ठेवली.

"ठीक आहे. समिती जाऊ द्या. मग सोडू."

"साहेब, ती निर्दोष आहे हे आता कागदावर आलं आहे."

"म्हणून तर सोडू म्हणतो आहे. परवा."

काकांचं 'परवा' आणि साहेबांचं 'परवा' एकच होतं.

दुसऱ्या दिवशी सर्किट हाऊसवर समितीच्या सुनावणीचा बंदोबस्त माझ्याकडेच आला. सकाळपासून मोटारी येत होत्या. संघाची माणसं, हिशेबनीस, दोन प्राध्यापक, सगळे आत जाऊन बोलत होते. मोठे साहेब व्हरांड्यात. दुपारी वस्तीतल्या बायका आल्या आणि रस्त्यापलीकडच्या चिंचेखाली उभ्या राहिल्या. धुतलेली लुगडी नेसून, काहींच्या कडेवर मुलं. साहेबांनी मला बोलावलं.

"त्यांना फाटकाच्या आत घ्यायचं नाही."

"त्यांना सुनावणीला बोलावणं आहे साहेब. कामगारांनी यावं असं जाहीर झालं आहे."

"१४४ आहे."

"मग तसा लेखी हुकूम द्या. साक्षीला आलेल्या बायकांना अडवा असा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. लेखी कोण देणार? आत समिती बसलेली. ते म्हणाले, "जमाव आत गेला तर तुझी नोकरी जाईल, एवढंच सांगतो."

मी रस्ता ओलांडून बायकांकडे गेलो. त्यांच्यात सर्वांत थोरली एक पांढऱ्या केसांची होती, तिला सांगितलं, "आजी, पाच जणी एकत्र दिसल्या तर जमाव होतो. चार-चार जणी चला. मध्ये अंतर ठेवा. घोषणा नको."

तिने विचारलं, "तुमी अडवसान नाही?"

"चौघींना अडवायचा कायदा माझ्याकडे नाही."

आणि त्या निघाल्या. चार, मग चार, मग आणखी चार. फाटकावर हवालदार उभे होते. त्यांनी प्रत्येक चौकडीला बाजूला होऊन वाट दिली. व्हरांड्यातून साहेब पाहत होते, पण शिपायांसमोर काही बोलू शकत नव्हते.

मी दाराशी उभा राहिलो. आत वकीलकाका अध्यक्षांना सांगत होते की कामगारांच्या वतीने कोणी हजर नाही, तेव्हा त्यांची काही तक्रार नाही असं मानावं. तेवढ्यात बायका आत शिरल्या. अध्यक्षांनी कोण बोलणार म्हणून विचारलं. सगळ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. खरंच बोबडी वळली होती. मग ती पांढऱ्या केसांची पुढे झाली.

"आमची बोलनारी जेलात टाकली तुमी. म्हणून मी बोलते. मले येत नाही बोलाले, तरी आयका."

आणि ती बोलली. छाट काय असते, पाळण्यात नव्हे तर तंबाखूच्या धुळीत मुलं कशी निजतात, खोकला कसा लागतो. घोकलेलं निम्मं विसरली, पण जे बोलली ते तिचं होतं. मग दुसरी बोलली. मग तिसरी.

अध्यक्षांनी विचारलं, तुमची बोलणारी जेलात कशी? काका उठले. "प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, यावर इथे बोलता येणार नाही."

मी दारातून पुढे झालो. मला कोणी विचारलं नव्हतं. मी सलाम केला आणि सांगितलं, "साहेब, तपास अधिकारी मी आहे. काल दंडाधिकाऱ्यांपुढे कबुलीजबाब झाला. आग त्या बाईने लावलेली नाही. ती आज इथे नसावी म्हणून लावली गेली."

अध्यक्ष लेखनिकाला म्हणाले, नोंद घ्या. बाकी काही बोलले नाहीत. संध्याकाळी समिती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मावशी सुटली. ठरल्याप्रमाणे, 'परवा'. चौकीदाराला शिक्षा झाली. मुनीम पुढे सापडला आणि पुराव्याअभावी सुटला. वकीलकाकांबद्दल चौकीदाराने जे सांगितलं त्याला दुजोरा मिळाला नाही. त्या वर्षी जवानांच्या सेवेबद्दल त्यांना शाल मिळाली. माझी बदली जिल्ह्याबाहेर, जंगलातल्या एका थान्यात झाली.

जाण्यापूर्वी मी वस्तीत गेलो. मावशी घरात होती, नवरा ओट्यावर बसलेला. मला वाटलं होतं ती काही बरं बोलेल. ती दारात उभी राहिली, आत या म्हणाली नाही.

"तुमी तुमचं काम केलं साहेब, ते ऐकलं मी. पण याचा पास अजून भेटला नाही. रोज फाटकावर जाऊन उभा राहते अन् वापस येते. मी सुटली, मंग याच्यावर आता काहून?"

मी कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्यांना लिहिलं, बदलीच्या ठिकाणाहूनही लिहिलं. सुरक्षेचा प्रश्न आहे, कारण देता येणार नाही, असं उत्तर आलं. तो माणूस पुन्हा कारखान्यात गेला नाही. कोणी म्हणे सायकलच्या दुकानात लागला.

विडी कामगारांचा कायदा पुढे आला आणि छाटीला त्यात मर्यादाही घातली गेली. वस्तीतल्या बायकांनी आपला संघ नोंदवला, मावशी त्याची सचिव झाली, हे मला हवालदारांच्या पत्रातून कळलं.

या प्रकरणातून मी काय शिकलो? लोकांनी आपापल्या हितासाठी एकत्र येणं वाईट नाही. कारखानदारांनी यावं, मालमोटारवाल्यांनी यावं, विडीवाल्या बायकांनीही यावं. सरकारला कानीकपाळी ओरडून सांगावं. लोकशाही त्यावरच चालते. पण एक गट दुसऱ्याचं तोंड सरकारच्या हाताने बंद करू शकतो, तेव्हा ती लोकशाही राहत नाही. आणि तो सरकारचा हात म्हणजे कोणी मंत्री नसतो. तो थान्यात बसलेला, जीप काढणारा माणूस असतो.

त्यानंतर मी ज्या ज्या थान्यात गेलो तिथे शिष्टमंडळं येतच राहिली. कधी व्यापाऱ्यांची, कधी ठेकेदारांची, कधी बसमालकांची. मी त्यांचं म्हणणं पूर्ण ऐकून घेत असे. मग विचारत असे, "तुम्ही ज्यांच्याविरुद्ध बोलता ते कुठे आहेत? शिपाई पाठवून त्यांनाही बोलावतो. समोरासमोर बोला."

बहुतेकांना तेवढ्यात दुसरं काम आठवायचं.